फुल्यांचा श्री

राधामामांना कोणी "कसे आहात?" असं विचारलं की ते आधी इकडेतिकडे बघायचे. बलरामकाका जवळपास असले तर "चाललंय कसंतरी" म्हणायचे, नसले तर "बरा आहे" म्हणायचे. आपलं बरं चाललंय हे त्या एका माणसाच्या कानावर जाऊ नये म्हणून माझ्या मामांनी नवा फ्रीज मागच्या दाराने घरात घेतला. मुलगा पोर्ट लुईच्या कॉलेजात लागला तेव्हा मिठाई आणली आणि वाटायची सोडून कपाटात झाकून ठेवली. तिला मुंग्या लागल्या. मामी कपाळावर हात मारायची, आणि खरं सांगायचं तर मलाही या प्रकाराचा वैताग यायचा.

मी त्यांच्या बहिणीची मुलगी, विमला. सुरिनाम म्हणजे पोर्ट लुई असलेल्या बेटाच्याच दक्षिणेचं एक गाव; तिथे आमची घरं शेजारी-शेजारी, मधे फक्त लिचीचं एक झाड. मामांचं नाव राधाकृष्ण, पण एवढं लांब नाव घ्यायला गावात वेळ कोणाला? सगळे राधाच म्हणत. मामा म्हणजे कोणी देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. चांगले होते, कामसू होते आणि भित्रे होते. त्यांच्या सगळ्या दुःखाचं मूळ या तिसऱ्या गुणात होतं.

गोष्ट अशी. मामांचे वडील उसाच्या शेतात राबले, त्यांचे वडीलही तिथेच राबले. मामा मात्र शाळेत टिकले आणि साखर कारखान्याच्या बिरोत, म्हणजे कचेरीत, कारकून म्हणून लागले. लागले ते बलरामकाकांमुळे. बलरामकाका आधीपासून तिथे मजुरांची हजेरी आणि पगारपत्रकं लिहायचे. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की कारखान्याचा गोरा मॅनेजर पाहुण्यांना ती पानं दाखवायचा. अशा माणसाने शब्द टाकल्यावर मामांना नाही कोण म्हणणार? दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसायचे, एकाच डब्यातलं खायचे आणि सायकलीवरून बरोबर घरी यायचे. बलरामकाका मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मामा त्यांना काका म्हणायचे, म्हणून आम्हीही काकाच म्हणायला लागलो.

पंच्याहत्तर साली जर्वेझचं वादळ झालं, त्याच्या आदल्या वर्षी साखरेला सोन्याचा भाव आला आणि कारखान्याने कॉम्प्युटर घेतला. आमच्याकडे त्याला कोणी कॉम्प्युटर म्हटलं नाही, मासिन म्हणायचे. दोन लोखंडी कपाटांएवढं ते धूड होतं. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून आकडे त्याला भरवायचे आणि छपाईच्या पेटीतून पगारपत्रकं धडधडत बाहेर यायची. ते चालवायला शिकण्यासाठी मामांना पोर्ट लुईला पाठवलं. परत आले तेव्हा टाय लावून आले. मी तेव्हा शाळेत होते, मला ते फार रुबाबदार वाटले.

मग एके दिवशी मॅनेजरने त्यांना आत बोलावलं आणि विचारलं, "बलरामचं काम हे मशीन करू शकेल का?"

मामा म्हणाले, "वी, मिस्ये." होय साहेब.

खोटं नव्हतं ते. मशीन खरंच ते काम करू शकत होतं. पण मामांना हेही ठाऊक होतं की कार्डं तपासायला आणखी एक माणूस लागेल, नजर पक्की असलेला. तसं म्हटलं असतं तर मॅनेजरने ऐकलं असतं. मामांना भीती वाटली ती अशी, की दोन माणसं लागतात म्हटलं तर साहेब म्हणेल, मग या मशीनवर एवढा खर्च कशाला केला, आणि मग दोघांतला कोण ठेवायचा याचा विचार करायला लागेल. घरी तीन लहान मुलं होती. मामा होय म्हणून बाहेर आले. महिन्याअखेरीस बलरामकाकांना निरोप मिळाला. कारखान्याने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ आणि हारतुरा दिला. मामांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मला मामीकडून कळलं. मामांनी तिला सांगितलं होतं, बलरामकाकांना कधीच नाही.

बलरामकाकांनी घरामागे भाजीचा मळा केला. वांगी, टोमॅटो, कांदे. शनिवारी इंद्राणीकाकी, त्यांची बायको, टोपली घेऊन बाजारात बसायची. आणि संध्याकाळी काका बैठकेत मराठी शिकवायचे, बिरोत होते तेव्हापासूनच. बैठका म्हणजे आमच्या मंडळीची, म्हणजे मराठी मंडळाची, पत्र्याची खोली, देवळाच्या मागची. तिथे छापील पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून काका प्रत्येक मुलासाठी पान लिहून आणायचे, वर मुलाचं नाव, खाली अक्षरं. क एवढा मोठा आणि गोल, की बघूनच मुलांना गिरवावासा वाटावा. दसऱ्याला पाटीपूजन झालं की नव्या मुलाचा हात हातात धरून ते तांदळात पहिला श्री काढायचे. सुरिनामच्या मराठी घरांतल्या कोणालाही विचारा, माझ्या पिढीतल्या, माझ्या धाकट्या भावंडांच्या, पहिलं अक्षर काढताना हातावर हात होता तो बलरामकाकांचा. बिरो गेला, तरी अक्षर काकांपाशी उरलं होतं. त्यांच्यापाशी उरलं होतं ते एवढंच.

आणि ते मामांवर कधी रागावले नाहीत. हीच तर पंचाईत होती. भेटले की तसेच हसायचे, "राधा, पोरं कशी हायत?" म्हणायचे, मळ्यातली वांगी पाठवायचे. मामांच्या घशाखाली ती वांगी उतरायची नाहीत. मामी भरली वांगी करायची आणि मामा भात-वरणावर उठायचे. एखाद्या रविवारी ते उठून काकांकडे जायचे, ओट्यावर बसायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि पावसापाण्याच्या गोष्टी करून परत यायचे. जाताना चेहरा पडलेला, येताना जरा उजळलेला. पुन्हा दोन-तीन आठवड्यांत पडायचा. असं वर्षानुवर्षं.

पंच्याऐंशी साली कारखान्याने टेबलावर मावणारा नवा कॉम्प्युटर घेतला. जुनं मासिन मोडीत काढायचं ठरलं. मामांनी साहेबाला विनंती केली, आमच्या मराठी मंडळीला द्या. साहेब काय, अडगळ जातेय म्हटल्यावर खूश. "समाजाला देणगी" म्हणून फोटोही काढून घेतला. उसाच्या ट्रकमधून ते बैठकेत आलं. दार काढावं लागलं, चौकटीची एक बाजू फोडावी लागली. मंडळीचे अध्यक्ष हरिप्रसादजी त्या धुडाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "राधा, आता याचं करायचं काय?"

मामांनी काय करायचं ते मनात ठरवलं होतं. मला त्यांनी लिचीच्या झाडाखाली सांगितलं. "विमल, या मासिनने एका मानसाची भाकरी घेतली. आता ते चांगल्या कामाला लावायचं. मंग मना वाटेल, काय तरी फिटलं."

मी म्हटलं, "मामा, मशीनने नाही घेतली." बोलून गेले आणि जीभ चावली. मामांनी ऐकलं, मान हलवली आणि ते तिथून उठले.

चांगलं काम काही पटकन सापडेना. आधी मामांनी त्यावर पंचांग करायचं ठरवलं, म्हणजे भारतातून पंचांग यायची वाट बघायला नको. मशीनने गणेशचतुर्थी मे महिन्यात काढली. पुरोहितबुवा दोन आठवडे मामांशी बोलले नाहीत. मग सभासदांची नावं भरली, पण सभासद सगळे एकमेकांना ओळखत होते, नावं छापून वाचणार कोण? मशीन सुरू झालं की गल्लीतले दिवे मिणमिणायला लागायचे आणि आतून अशी गरम हवा यायची की कोणीतरी त्यावर ओले टॉवेल वाळत घालायला लागलं. मामांनी ते टॉवेल बघितले आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. आपलं प्रायश्चित्त लोकांनी टॉवेल वाळवायला घेतलंय, असं काहीसं.

मग एकदा इंद्राणीकाकी बाजारातून येताना मामांना म्हणाली, "यांचा हात सुजतो रे हल्ली. चाळीस पोरांची पानं लिवतात. रोज सांजंला गरम पान्यानं शेकते मी."

मामांना वाटलं, देवानेच वाट दाखवली.

त्या दिवसापासून ते कामावरून सुटले की बैठकेत, आणि काका शिकवायला यायच्या आत सगळं आवरायचे. त्या छपाईच्या पेटीत फक्त इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि चार-दोन खुणा होत्या. मराठी कुठून आणणार? पण त्यात फुली होती, चांदणीसारखी. मामांनी चौकटीच्या वहीवर फुल्या मांडून अक्षरं काढायला घेतली. फुल्यांचा क, फुल्यांचा ग. वरची रेघ सोपी, पण पोटं गोल होईनात. ळ ने त्यांना रडवलं. एकेका अक्षराची कार्डं भोकं पाडून तयार करायची, मशीनला भरवायची, कागद धडधडत बाहेर आला की लांब धरून बघायचा, आणि फाडून पुन्हा सुरू. शाळा सुटल्यावर मी जायची. मी एव्हाना शिक्षिका झाले होते, त्यामुळे ग नीट झाला की नाही हे सांगायचा मान मला. मामा त्या महिन्यांत इतके आनंदात होते की घरी शीळ घालायचे. वांगीसुद्धा खाल्ली एकदा.

मी त्यांना विचारलं होतं, "काकांना सांगितलंत का?"

"नाय. दसऱ्याला सांगायचं. सगळ्यांसमोर." त्यांचे डोळे चमकत होते. "हात दुखतो त्यांचा. आता लिवायलाच नको."

मला तेव्हा काही खटकलं का? खटकलं असतं तर मी बोलले असते, मी गप्प बसणारी नव्हेच. मलाही ते छानच वाटलं होतं.

दसऱ्याला बैठका भरून गेली. सरस्वतीची पाटी मांडली, झेंडू वाहिले. बलरामकाका धुतलेला शर्ट घालून तांदळाचं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. नवी मुलं आयांच्या मांडीवर. तेवढ्यात मामांनी मशीन सुरू केलं. दिवे मिणमिणले, खोली थरथरली आणि कागदाची लांब पट्टी बाहेर येऊ लागली. पानोपान श्री. फुल्यांचा, वीतभर उंच, रेखीव. त्या श्रीसाठी मामांनी महिनाभर डोळे फोडले होते. खाली प्रत्येक मुलाचं नाव, तेही फुल्यांचं. लोक उभे राहून बघायला लागले. मुलं मांडीवरून उतरून मशीनकडे धावली. हरिप्रसादजींनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या.

मग हरिप्रसादजींनी भाषण केलं. बलरामजींनी इतकी वर्षं हाताने लिहिलं, आता मासिन लिहील, बलरामजींनी आराम करावा. आणि मामांनी पुढे होऊन काकांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आमच्याकडे मान द्यायची पद्धतच ती, शाल आणि नारळ. काका ताटापुढून उठले, कारण शाल घ्यायला उठावंच लागतं. उठले तेव्हा एका आईने ते तांदळाचं ताट बाजूला सरकवलं, कोणाचा पाय लागू नये म्हणून. पुन्हा कोणी ते पुढे आणलं नाही. मुलं फुल्यांवरून पेन्सिली फिरवत होती.

मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हसत होते. पण त्यांचे डोळे मामांच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांवर होते. मामांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांची टाळी मधेच थांबली.

बलरामकाका दुसऱ्या दिवशी बैठकेत आले नाहीत. तिसऱ्याही नाही. आठवडा झाला तेव्हा मामांचं जेवण पार सुटलं. त्यांनी मला बरोबर घेतलं, एकट्याने जायचा धीर नव्हता त्यांना. काका मळ्यात टोमॅटोला काठ्या बांधत होते. मामा वाफ्याच्या कडेला उभे राहिले आणि इतकी वर्षं अडकलेलं एका दमात बाहेर आलं. मॅनेजरने विचारलं होतं, मी होय म्हणालो, मी दुसरं म्हणू शकत होतो, भ्यालो, तुम्हीच मला चिकटवलं होतं आणि मीच तुम्हाला काढलं. बोलता बोलता रडायला लागले.

काकांनी गाठ पूर्ण बांधली, मगच वर बघितलं.

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "मिस्येनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं. राधाला इचारलं, राधा होय बोलला."

मामांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"तुजी पोरं ल्हान व्हती. तू भ्यालास. ते मना समजलं. तुना इचारलं म्हनून तू बोललास." काकांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "पन या वक्ताला तुना कोनी इचारलं व्हतं, राधा?"

 

"काका, मी मासिन बंद करतो," मामा म्हणाले. "आजच. फोडून टाकतो."

"पोरांना आवडलंय. बंद कशाला करतोस? मना बरं वाटावं म्हनून? का तुना?" काका अजूनही हळूच बोलत होते. "इतकी वर्सं तू असा तोंड पाडून येतोस. तुज्या तोंडाकडे बघून मी हसतो. पा फेर नान्ये, राधा, काय बिघडलं नाय, असं दाखवतो. तू हलका व्हऊन घरी जातोस. मंग मी हितं एकटा. मना राग आला तर तो मी करायचा कवा, सांग. तू करूच देत नाय."

मामांनी हात जोडले.

"ते नको," काका म्हणाले. "हात जोडलेस की मना परत हसावं लागेल. घरी जा. मी बोलावीन तवा ये. तवर येऊ नको."

परत येताना मामा माझ्यापुढे चालत होते, आणि मला त्यांचा रागही आला आणि कीवही. त्यांची एवढ्या वर्षांची अपराधी भावना, आम्हाला वाटायचं ती मामांनीच एकट्याने वाहिली. अर्धी तर काकांच्या दारात नेऊन टाकत होते दर थोड्या दिवसांनी.

पुढचे महिने वाईट गेले. मामांनी मशीन चालू ठेवलं, कारण काकांनी तसं सांगितलं होतं, पण पानं काढताना ते त्या श्रीकडे बघायचे नाहीत. वाचताना अडलं की मुलं मला विचारायची. मी शिकवायची खरी, पण माझ्या हाताला काकांचं वळण नव्हतं, आणि मुलांची अक्षरं फुल्यांसारखी तुटक व्हायला लागली होती. रविवारी मामा कपडे करून ओट्यावर बसायचे, पण निघायचे नाहीत. बोलावणं नव्हतं. रस्त्यात काका दिसले तर काका मान फिरवून जायचे. मामांना ते सोसायचं नाही, पण एकदा मामी म्हणाली, "निदान आता रागावलेत तरी," आणि मामा हो म्हणाले. मिठाई वाटायची वेळ आली, मुलाला नोकरी लागली म्हणून, तेव्हा त्यांनी काकांच्या घरी पाठवली नाही. लपवलीही नाही.

गणपती जवळ आले तेव्हा एका दुपारी इंद्राणीकाकी दारात आली. आत आली नाही, बसलीही नाही.

"बोलावलंय त्यांनी," एवढंच म्हणाली.

मामा तसेच उठले. सदऱ्याची बटणंही लावली नाहीत. मी कुंपणापर्यंत गेले, पुढे जायची माझी हिंमत झाली नाही. थोड्या वेळाने बलरामकाकांच्या घरातून आवाज यायला लागला. काकांचा. त्या माणसाने आयुष्यात आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. आता तो रस्त्यापर्यंत येत होता, मराठीत, मधेच बेटावरच्या बोलीत, क्रेओलमध्ये, पुन्हा मराठीत. दुकानापाशी बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. बिरो, साहेब, घड्याळ, टाळ्या, शाल, नारळ, पोरांची पानं, एकेक शब्द मला तुटक ऐकू येत होता. मामांचा आवाज एकदाही आला नाही. इंद्राणीकाकी आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडत होती. मी पाणी दिलं तर नको म्हणाली, चालू दे म्हणाली.

उन्हं उतरली तेव्हा मामा परत आले. डोळे सुजलेले, पाय ओढत चालत होते. मामीने ताट वाढायला घेतलं.

"सोमवारपासून येनार हायत बैठकेत," मामा मला म्हणाले. "मासिन कोपऱ्यात सरकव बोलले. पानं छाप, पन पोराचा पैला श्री मीच काढनार, बोलले."

"आणि आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"सगळं," मामा म्हणाले, आणि जेवायला बसले.